कबड्डीत मान दुखावली, फायनल खेळू का?

देवगडचा_रेडर: काल जत्रेतल्या मॅचला मध्यरेषेकडे सूर मारला, मान खाली घातलेली, आणि डोकं थेट कोपऱ्यातल्या पोराच्या मांडीवर आदळलं. दोन्ही हातांना मिनिटभर मुंग्या आल्या. आता बरंय, मान थोडी आखडलीय. रविवारी फायनल, खेळू ना?

फिजिओवाला: नको रे बाबा. एकाच हाताला मुंग्या आल्या तर बहुतेक नस ताणलेली असते, दोन्ही हातांना म्हणजे मज्जारज्जूला धक्का बसला असू शकतो. मानेत ७ मणके, त्यांना पुढे बाक असतो म्हणून धक्का झेलला जातो, पण मान साधारण ३० अंश खाली घातली की बाक गेला, मणके काठीसारखे एका रेषेत, मग टाळूवर मार बसला की सगळा भार थेट त्यांच्यावर. अमेरिकन फुटबॉलमध्ये डोकं पुढे घालून धडक मारायला १९७६ पासून बंदी आहे ती यामुळेच.

खाडीकाठचा: आमच्याकडे पोरं ओहोटीला जेटीवरून मुंडी खाली करून उड्या मारतात, तेच की हे!

फिजिओवाला: अगदी तेच, तळाला टाळू आपटते. रेडर, आधी हाडांच्या डॉक्टरला दाखव, बहुतेक एमआरआय सांगतील.

देवगडचा_रेडर: कॅप्टन शिव्या घालणार. उद्या जातो.