कानावर हात न ठेवता ऐकलेलं जाझ (अनुभव लिहा)

कृष्णाकाठची
काल भांडी मांडणीत लावताना हातातून ताटली सुटली. खणकन! सवयीने आधी पोराकडे बघितलं. त्याने मान वर केली, "आई, हा मोठा होता" म्हणाला आणि परत चित्रात गुंतला. सहा वर्षांपूर्वी हाच आवाज झाला असता तर तासभर पलंगाखालून निघाला नसता.

तेव्हाचं आठवलं म्हणून लिहायला बसले. ओटी मॅडम (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पोराला आवाजाची सवय करून देणाऱ्या) म्हणाल्या होत्या, शब्द नसलेलं, संथ काहीतरी लावून बघा. बासरी लावली. वरच्या पट्टीत गेली की कान झाकायचा. संतूरला तर रडलाच. मग माझ्या भावाने पेनड्राइव्हवर जाझ आणून दिलं. म्हटलं, हे आणि कुठून आता.

त्यात बिल एव्हान्स या पियानोवाल्याचं 'वॉल्ट्झ फॉर डेबी' होतं. पियानो, बेस (खर्जातलं मोठं तारवाद्य), ड्रम, तिघंच. ड्रमवर बऱ्याच ठिकाणी काड्यांऐवजी ब्रश, सुपात तांदूळ हलवावेत तसा आवाज. पण ते २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' क्लबात थेट रेकॉर्ड केलेलं. मागे लोक बोलतात, पेले किणकिणतात. पहिला पेला वाजला आणि मी बंद करायला धावले, तर पोराने हात धरला. पुन्हा लाव म्हणे. आठवड्याभरात त्याला पेले पाठ! वाजायच्या आधी बोट वर करायचा आणि वाजला की हसायचा. घरात ताटली कधी पडेल सांगता येत नाही, तिथला पेला मात्र रोज त्याच जागी.

तुमच्याकडे काय चाललं, काय फसलं? सांगलीत जाझ ऐकणारं दुसरं घर आहे का तेही कळू दे.

भडंगवाली
मी आधी 'जाम' वाचलं. आमच्याकडे तिसऱ्या शिट्टीची भीती, म्हणून लेक दुसरीलाच गॅस बंद करते. तूरडाळ कायम कच्ची. जाझ लावून शिजेल का?

राजवाडा_सातारा
मी स्वतः मायग्रेनवाला, वय ४१. सगळे म्हणाले माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' ऐक, १९५९ चं, एकदम शांत. अंधार करून पडलो. त्यातलं पहिलं 'सो व्हॉट', त्याची सुरुवात बेस आणि पियानो कुजबुजल्यासारखी, वाटलं आज डोकं थांबणार. दीड मिनिटाने डेव्हिसचा ट्रंपेट सुरू होताना झांज अशी फुटली की उठून बसलो. रेकॉर्ड थोर आहे, वाद नाही. दुखऱ्या डोक्याला नको. आणि पुढच्या तोंडाला म्यूट (आवाज दाबायचं बूच) लावलेला ट्रंपेट लोकांना मऊ वाटतो, मला कानात सुई.

माझं औषध 'अंडरकरंट', १९६२. तोच एव्हान्स आणि जिम हॉलची गिटार. ड्रम नाहीच. इक्वलायझरमध्ये ट्रेबल, म्हणजे वरचे तीक्ष्ण सूर, दोन घरं खाली.

कृष्णाकाठची
@राजवाडा ड्रमच नाही! लिहून ठेवते. थेट रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येकाचं वाजवून झालं की टाळ्या पडतात, त्याही काही मुलांना चालत नाहीत हे राहिलं.

मिरजेचा_तंबोरा
आमचं घर सतारमेकर गल्लीच्या मागं. लहानपणापासून जवारी काढताना (तारेच्या झणझणाटासाठी घोडी घासतात ते) कानस ऐकतोय, तरी पुतणीला खुल्या जवारीचा झणझणाट सोसत नाही. बंद जवारी चालते. जाझमधला तो उभा मोठा बेस मात्र लई आवडतो तिला. लाकडी पलंगावर स्पीकर ठेवायचा, आवाज बारीक, आणि पालथी झोपून पोटानं ऐकायचं. कानाचं काम पोटाकडं दिलंय म्हणा की.

भडंगवाली
पोटाने ऐकते 😂 आमचं अख्खं खानदान.

दोन_मिनिटांची_सुट्टी
ऑफिसातून लिहितेय, शुद्धलेखन माफ. एकच सांगते, फुकटात व्हिडिओवर लावू नका. छान पियानो चालू आणि मध्येच जाहिरात बोंबलते. दोन महिन्यांची मेहनत गेली आमची. डाउनलोड करून लावा.

झपतालवाला
जाझ म्हणजे ती 'टेक फाइव्ह' धून ना? पाच मात्रा, तीन-दोन. आमचा झपताल दोन-तीन दोन-तीन. भाच्याला वर काय चाललंय त्याच्याशी देणंघेणं नाही, खाली पियानो तेच तेच वाजवत राहतो त्याला धरून बसतो. मधला ड्रमचा तुकडा आला की मी आवाज उतरवतो. शेवटी मूळ चाल परत येते, समेवर आल्यासारखी. तेव्हा त्याचे खांदे खाली येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माहुलीची_सून
सासरे ८०. कानाच्या मशीनमधून झांज म्हणजे पत्र्यावर खडे. मशीन बसवणाऱ्यांनी संगीताचा वेगळा प्रोग्राम चालू करून दिला तेव्हा बरं वाटलं. तरी ते म्हणतात जाझ नको, भीमसेन लाव. लावते 🙏

गावभाग_४१६४१६
जाझ राहू दे, मिरवणुकीचं बोला. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, नियम २००० सालचा. आमच्या दाराच्या काचा थरथरतात. पोराला घेऊन आम्ही दरवर्षी बहिणीकडं जातो, गणपती घरात एकटा.

दोन_मिनिटांची_सुट्टी
@गावभाग सेम. यंदा आम्हीही येतो तुमच्या बहिणीकडे.

नवीन_आई
कान झाकायचे ते मफ दिवसभर घालू द्यायचे का? तीन वर्षांची आहे. कुणीतरी सांगा प्लीज.

कृष्णाकाठची
@नवीन_आई आम्हाला दिवसभर नको असं सांगितलं होतं, सतत शांततेत राहिले तर कान आणखी हळवे होतात. लग्न, मिरवणूक, मिक्सर एवढ्यापुरते ठेवले. पण तुमच्या ऑडिओलॉजिस्टना (कान तपासणाऱ्यांना) विचारा, प्रत्येकाचं वेगळं. आणि रडू येत असेल तर इथेच या, सगळ्या रडून झालेल्या आहेत.

नवीन_आई
🙏🙏 आलंच.

राजवाडा_सातारा
त्या डेबीच्या रेकॉर्डमध्ये बेस वाजवणारा स्कॉट लाफारो. त्या दिवसानंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेला, वय २५. डेबी म्हणजे एव्हान्सची पुतणी.

मिरजेचा_तंबोरा
अरे बाबा. आता आज रात्री ते लावल्यावर हेच आठवणार. पुतणीला सांगत नाही. पण पुतणीसाठी चाल केली हे सांगतो, खूश होईल.

झपतालवाला
@भडंगवाली भडंगात लसूण कुटून की चिरून?

भडंगवाली
कुटून. पण खलबत्त्याचा आवाज बघता आमच्याकडे सध्या चिरून.

कृष्णाकाठची
हे वाचत बसले आणि दूध उतू गेलं. ओटा पुसून येते.

भडंगवाली
दूध आवाज करत नाही हाच तर घोळ.