आईचा ताप उतरला पण नाडी 112, दवाखान्यात न्यावं का? आणि घरी मोजायला काय घेऊ? (बजेट 1500)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी नाशिकला असते, आई माझ्याकडेच आहे, वय 61. तापाचा आज चौथा दिवस. आधी 102-103 ताप होता, अंग नुसतं मोडून येत होतं, डोळ्यांच्या मागे ठणका. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिली, व्हायरल वाटतंय म्हणाले, नाही उतरला तर रक्त तपासू. काल रात्री ताप उतरला, सकाळपासून 98.8 आहे. पण पल्स 110 ते 115 च्या खाली येत नाहीये. आई पडूनच आहे, बोलायलाही नको म्हणते. शेजाऱ्यांचा ऑक्सिमीटर लावला, ऑक्सिजन 97.

प्रश्न दोन. एवढ्या पल्सला दवाखान्यात न्यायचं की उद्यापर्यंत वाट बघायची? आज रविवार, आमच्या डॉक्टरांचं बंद आहे. दुसरं, घरी पल्स मोजायला 1500 च्या आत काय घ्यावं?

सह्याद्री_धावपटू
ताई, स्वस्तातलं काही घेऊ नका. थोडं बजेट वाढवून सरळ ऍपल वॉच घ्या, ईसीजीसुद्धा निघतो. मी तीन वर्षं वापरतोय. माझी रेस्टिंग पल्स 52 आहे, रोजच्या पळण्यामुळे. जरा ताप आला की 70 वर जाते आणि घड्याळ लगेच दाखवतं. तब्येतीच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

अंबाजोगाईकर
ताप उतरला ना? मग निम्मं दुखणं गेलं. तापानंतर अशक्तपणा येतो आणि अशक्तपणात ठोके वाढतातच. आमच्या मंडळींना गेल्या वर्षी असंच झालं होतं. मुगाचं कढण, मऊ भात, पपईच्या पानांचा रस, चार दिवसांत उठून कामाला लागल्या. दवाखान्यात नेलं की पहिलं सलाईन लावतात.

चहा_कमी_साखर
प्रौढ माणसाची बसल्या जागी नाडी 60 ते 100 धरतात. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की साधारण दहा ठोके वाढतात, म्हणजे 103 तापात 105-110 दिसली तर त्यात नवल नाही. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत पडू द्या, चहा दिला असेल तर अर्धा तास थांबा. सर्दीच्या काही गोळ्या आणि दम्याचा पंप यांनीही ठोके वाढतात.

बाकी ऑक्सिमीटर 1500 च्या आत सहज येतो. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर तो चुकतो, एवढं लक्षात ठेवा.

कोथरूडचा_जावई
ऑक्सिमीटरच घ्या. कोविडमध्ये घेतलेला आमचा अजून चालतो. आणि बोट गार असेल तर चुकतो, नेलपॉलिशनेही चुकतो.

सह्याद्री_धावपटू
ऑक्सिमीटर एका वेळचा आकडा देतो, घड्याळ रात्रभराचा आलेख देतं. दोन्हींत फरक आहे.

चहा_कमी_साखर
आजारी बाईच्या मनगटावर रात्रभर घड्याळ बांधून काय साधणार? पट्टा सैल झाला की आकडा चुकला. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा, तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. ठोके मागेपुढे पडतायत असं वाटलं तर पूर्ण मिनिट मोजा. आपला अंगठा मात्र वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते.

निवृत्त_सिस्टर
यंत्राचं नंतर बघू. गोदाकाठ, आधी याची उत्तरं द्या. शेवटची लघवी कधी झाली, रंग कसा होता? पोटात दुखतंय का? उलट्या? हातपाय गार लागतात का? हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त? आणि आईला रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?

बिल_भरलेला
मी सांगतो काय होईल. पल्स जास्त म्हणून नेलं की आयसीयूत घालतात. माझ्या मेव्हण्याला एका खाजगी ठिकाणी नुसत्या निरीक्षणासाठी ठेवलं आणि बिल पाहून घरच्यांचेच ठोके वाढायची वेळ आली. न्यायचंच असेल तर आधी खर्च लेखी मागा.

तान्हुल्याची_आई
मध्येच विचारते, माफ करा. माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, सर्दीताप आहे, पल्स 140 दिसते. हे पण जास्तच ना?

निवृत्त_सिस्टर
तान्हुल्याची आई, बाळांचे आकडे वेगळे असतात, 100 ते 160 त्यांना चालतं, रडताना त्याच्याही वर जातं. तुम्ही दूध ओढतंय का, लंगोट भिजतोय का, श्वास घेताना बरगड्या आत खेचल्या जातायत का, हे बघा. दूध सोडलं, बाळ सुस्त पडलं किंवा श्वासाला जोर लागला तर लगेच न्या. गरोदर बाईचीही नाडी एरवीपेक्षा दहा-वीसने जास्त असते, तिलाही हा 100 चा नियम तसाच लावू नये.

गोदाकाठ, तुमच्या उत्तराची वाट बघतेय.

गोदाकाठ
सिस्टर, लघवी सकाळी एकदाच झाली, थोडीशी आणि गडद पिवळी. पोट दुखतंय म्हणते, उजव्या बाजूला वरती. पहाटेपासून उलट्या चालू आहेत, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. तळहात गार आणि ओलसर लागतात. रक्त कुठे दिसलं नाही. बीपीसाठी मेटोप्रोलॉल 50 रोज घेते, बरीच वर्षं. आजही सकाळी दिली, पण ती उलटीत पडली की नाही कळत नाही.

अंबाजोगाईकर
पित्त वाढलंय ते. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की असंच होतं. कोकम सरबत द्या.

निवृत्त_सिस्टर
नाही. कोकम सरबत देत बसू नका. गोदाकाठ, आत्ता निघा, उद्याची वाट बघायची नाही.

कारण सांगते, म्हणजे घरातल्या कुणी अडवलं तर सांगता येईल. पावसाळा संपता संपता डेंग्यूचे पेशंट येतातच, आणि तुम्ही लिहिलेलं सगळं त्याच्याशी जुळतंय. डेंग्यूत सगळ्यात जपायची वेळ ताप उतरताना येते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. शिरांमधलं रक्त आटलं की हृदय तेवढ्याच रक्ताला जास्त वेळा ढकलतं, म्हणून नाडी पळते. वरचं बीपी बराच वेळ ठीक दिसतं. फसगत होते ती इथेच. ताप असताना 112 असती तर मी पॅरासिटामॉल देऊन तासाभराने परत मोजा म्हटलं असतं. ताप नाही, बाई पडून आहे आणि तरी 112, हे चांगलं नाही.

त्यात मेटोप्रोलॉल. ती गोळी नाडी वाढू देत नाही. गोळी अंगात असूनही 112 दिसत असेल तर गोळीशिवाय आकडा आणखी वर असता. डॉक्टरांना दारातच सांगा की ही गोळी चालू आहे आणि शेवटची किती वाजता दिली.

कॉम्बिफ्लाम, ब्रूफेन, डायक्लोफिनॅक, ऍस्पिरिन यातलं काही देऊ नका, रक्तस्राव वाढतो. वाटेत ओआरएस चमच्या-चमच्याने द्या. गाडी नसेल तर 108.

पपईवाला_प्रकाश
प्लेटलेट किती आहेत ते आधी बघा. 50 हजारांच्या खाली गेल्या तर रक्त चढवावं लागतं. पपईच्या पानांच्या गोळ्याही मिळतात हल्ली. किवी पण द्या.

निवृत्त_सिस्टर
प्रकाशदादा, निव्वळ आकडा 50 हजार झाला म्हणून प्लेटलेट चढवत नाहीत, रक्तस्राव आहे का ते बघतात. डेंग्यूत माणूस बहुतेक वेळा दगावतो तो शॉकने, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचल्याने. म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, रक्तातलं पाणी झिरपलं की ते वाढतं), बीपी आणि लघवी यांच्यावर नजर ठेवतात. किवी खायला माझी हरकत नाही, पण आत्ता त्या बाईच्या पोटात पाणी ठरत नाहीये.

एमडी_मेडिसीन_लातूर
सिस्टरशी पूर्ण सहमत. पुढे कुणी हा धागा शोधत येईल म्हणून थोडं लिहितो.

वॉर्डात आम्ही जो तक्ता वापरतो त्यात मोठ्या माणसाची नाडी 91 ते 110 असेल तर एक गुण, 111 ते 130 ला दोन, 131 किंवा त्याहून जास्त असेल तर तीन. पण तो तक्ता एकट्या नाडीचा नाही, श्वास, बीपी, ऑक्सिजन, ताप आणि शुद्ध हे सगळं एकत्र धरतात. घरी एवढं करा की पेशंटला न सांगता छातीकडे बघून मिनिटभर श्वास मोजा. 25 किंवा त्याहून जास्त असतील तर ऑक्सिजन 97 दिसला तरी थांबू नका.

पडून राहूनही नाडी 130 च्या वर टिकली, छातीत दुखलं किंवा जड वाटलं, चक्कर येऊन पडले, ओठ निळसर झाले, असंबद्ध बोलायला लागले, तर ओपीडीची वेळ बघू नका, 108 लावा. नाडी 110-130 आणि सोबत उलट्या, पोटदुखी, लघवी कमी किंवा दम यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी दाखवा. तापात 100-110 आहे, पेशंट पाणी पितोय, बोलतोय, ताप उतरला की नाडीही उतरते, तर घरी बघत राहायला हरकत नाही.

उलटंही सांगतो. टायफॉइडमध्ये कधी कधी ताप 103 आणि नाडी 80-85 च राहते, म्हणून नाडी कमी आहे म्हणजे सगळं ठीक असं धरू नका. मुंबई-कोकणात पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका डॉक्टरांना बोलून दाखवा.

बिल_भरलेला
डॉक्टर, तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण सामान्य माणसाने न्यायचं कुठे? तिथे पोचेपर्यंतच खिसा रिकामा होतो.

कोथरूडचा_जावई
मोठ्या हॉस्पिटलातच न्या ताई, जिथे स्वतःची रक्तपेढी आहे. आणि ऑक्सिमीटर सोबत घ्या.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. सविस्तर लिहायला आता वेळ मिळाला.

सिस्टरांचा निरोप वाचून लगेच निघालो. भावाचंही मोठ्या खाजगी हॉस्पिटलचंच म्हणणं होतं. मी सिव्हिलला नेलं. घरापासून जवळ आहे, रविवारीही कॅज्युअल्टी चालू असते आणि मला रस्त्यात वेळ घालवायचा नव्हता. बीपी 104/82. तिथल्या डॉक्टरांनी वरचा आकडा नाही, दोन आकड्यांतला फरक दाखवला. हे अंतर 20 पर्यंत आलं की शॉक समजायचा, म्हणाले, आईचं 22 होतं. एनएस-1 ही डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट 84 हजार, हिमॅटोक्रिट वाढलेलं. सलाईन चालू करून दर तासाला बीपी आणि लघवी मोजत होते. प्लेटलेट चढवाव्या लागल्या नाहीत. आज पल्स 84, बीपी 118/74, भाताची पेज पोटात ठरली. उद्या सोडतील.

यंत्राचं म्हणाल तर घड्याळ नाही आणि ऑक्सिमीटरही नाही. दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन घेतलं, 1500 च्या थोडं वर गेलं. त्यात पल्सही दिसते, आणि ते 104/82 मला घरी कळलं असतं तर मी इथे प्रश्न विचारत बसले नसते.

सिस्टर, एक शंका. मेटोप्रोलॉल इथे बंद ठेवली आहे. घरी गेल्यावर लगेच सुरू करू का?

सह्याद्री_धावपटू
आई बऱ्या आहेत हे वाचून खूप बरं वाटलं. पुढेमागे घड्याळाचाही विचार करा.

निवृत्त_सिस्टर
जीव भांड्यात पडला. गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि कायमची बंदही ठेवू नका, ती अचानक सोडणंही बरं नसतं. कधीपासून आणि किती घ्यायची ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, मगच उठा तिथून. घरी आल्यावर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी आणि पल्स वहीत लिहा, आणि डासांसाठी आईच्या पलंगाला दिवसाही मच्छरदाणी लावा.