विषय: कोजागिरीचा हॉल, सहमती झाली की नाही?

सचिव:
नमस्कार मंडळी,
मुलुंडच्या हॉलवाल्यांना शनिवारपर्यंत अ‍ॅडव्हान्स द्यायचा आहे. गच्ची त्यांच्याकडेच आहे, दादरच्या हॉलला नाही. सोमवारच्या मेलवर चौघांनी "चालेल" लिहिलं, विरारच्या ताईंचा विरोध आहे, बाकी सगळे गप्प. त्या गाजलेल्या सभेनंतर आपण मतदान बंद करून सहमतीनं ठरवायचं मान्य केलंय. तेव्हा ज्यांचं उत्तर नाही त्यांचा होकार धरून शनिवारी चेक देतो.

खजिनदार:
होकार कसा धरता? अर्धी मंडळी मेल आठवड्यानं उघडतात. मी चेकवर सही करणार नाही. वहीत ठराव नसला की ऑडिटर मला विचारतात, तुम्हाला नाही.

मालाडचे काका:
एवढा घोळ कशाला? हात वर करा, मोजा, संपवा. पुनर्विकासालासुद्धा २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. हा तर एका रात्रीचा हॉल आहे.

विरारच्या ताई:
काका, आमच्या सोसायटीचं तशाच बहुमतानं झालं. इमारत उभी राहिली, पण वरच्या मजल्यावरचे आणि खालचे अजून जिन्यात एकमेकांशी बोलत नाहीत. सोसायटी सोडून जाता येत नाही म्हणून माणसं राहतात. मंडळात नाही पटलं तर माणूस पुढच्या वर्षी येत नाही, इतकंच.

सिंगापूरहून (अजून सभासद आहे, वर्गणी भरली आहे):
क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक सतराव्या शतकापासून मतदानाशिवाय सभा चालवत आले आहेत. त्यांचा क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा, सभेचा कल ओळखून ठराव शब्दांत मांडतो, सगळ्यांसमोर वाचतो, आणि मान्य झाला तरच तो नोंदला जातो. म्हणजे सचिवांनी आधी ठरावाचं वाक्य लिहायला हवं. "मुलुंड चालेल का" हा ठराव नव्हे. आणखी एक. सहमतीनं चालणाऱ्या बऱ्याच संस्थांत "मला पटत नाही, पण तुम्ही करा" आणि "हे होऊच नये" या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. ताई, तुमचं यातलं कुठलं?

विरारच्या ताई:
दुसरं, आणि कारण सोमवारीच लिहिलं होतं. दूध साडेदहाला. मग मुलुंडहून दादर, पूल चढून पलीकडे, तिथून विरार लोकल. घरी पोचायला एक वाजतो, सोबत सासूबाई. वसईच्या दोघींचंही तेच, त्या मेल बघत नाहीत.

माजी अध्यक्ष:
गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण मी सभेत दिलं होतं. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते. कोणाचं पटलं नाही तर विषय पुढच्या बैठकीला जातो, आणि मधल्या काळात अभ्यासगटात त्यावर बोलणं होतं. त्याच गावानं २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, २०११मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकला. तेव्हा यानं कामं अडतात असं कोणी म्हणू नये. पण तिथे माणसं समोरासमोर बसतात. सोमवारी मेल, शनिवारी चेक, याला मी सहमती म्हणणार नाही. हरकतीमागची अडचण सोडवायची असते. आपण हरकती मोजतोय. मतदान हवंच असेल तर संस्थेचा उद्देश बदलताना आहेच, १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याचं कलम १२, तीन पंचमांश मतं लागतात.

खजिनदार:
कलम १२ला महिन्याच्या अंतरानं दुसरी विशेष सभाही लागते. हे कागद मीच सांभाळतो म्हणून सांगतो.

दुधाची जबाबदारी माझ्याकडे:
साडेदहाच का? पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. आठला गच्चीवरून चांगला वर आलेला दिसेल. गाणी पाचला सुरू करा, दूध आठला, साडेआठला निघा. मसाला मी घरी कुटून आणते, केशर, वेलची, जायफळ, चारोळी. केटररकडे देऊ नका, गेल्या वेळी दुधात नुसता पिवळा रंग होता.

मालाडचे काका:
पाचला ऑफिसवाले कसे येणार? आणि जायफळ कमी घाला.

विरारच्या ताई:
आठला दूध असेल तर माझी हरकत मागे. पण वेळ ठरावात लिहा, तोंडी नको.

सचिव:
ठरावाचं वाक्य असं: "कोजागिरी मुलुंडच्या हॉलवर, गाणी साडेसहाला, दूध आठला, रात्री पावणेनऊनंतर कार्यक्रम नाही." ऑफिसवाल्यांसाठी साडेसहा केलंय. वसईच्या दोघींना आणि उत्तर न आलेल्या प्रत्येकाला मी शुक्रवारपर्यंत फोन करतो. कोणाचं "होऊच नये" आलं तर चेक थांबेल, हॉलवाल्यांकडे दोन दिवस मागून घेईन.

खजिनदार:
फोन कोणाला केले आणि कोण काय म्हणालं ते वहीत नावानिशी लिहा. मग सही करतो.