जुन्या गाडीचं ऑइल, फिल्टर आणि बाबांची वही

जाईजुई
परवा माळा आवरताना बाबांची हिशोबाची वही हाती लागली. अर्ध्यापासून पुढे नुसती गाडी. आमची १९९४ ची मारुती ८००. प्रत्येक नोंद एकसारखी: तारीख, किलोमीटर, 'ऑइल २०डब्ल्यू-४०, फिल्टर नवा, ड्रेनचा वॉशर नवा'. हा वॉशर म्हणजे तेल सोडायच्या बोल्टखालची चकती. दर ५,००० ला, एकही चुकलेली नाही. शेवटच्या दोन नोंदी माझ्या अक्षरात आहेत. तेव्हा त्यांचा हात थरथरायचा. ते शेजारी स्टुलावर बसून सांगायचे, मी लिहायचे. वही बघितली आणि तिथेच बसून राहिले.

गाडी आता पुण्यात मीच चालवते. पासिंग चार वेळा करून झालं. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने 'ताई, आता हेच वापरतात सगळे' म्हणत ५डब्ल्यू-३० हे पातळ, फुल सिंथेटिक ऑइल घातलं. दीड हजार किलोमीटरमध्ये डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेला टेकलं, सकाळी सायलेन्सरमधून निळसर धूर. पुन्हा २०डब्ल्यू-४० वर आले आणि धूर जवळपास थांबला. बाबांनी वहीत लिहिलेलंच बरोबर होतं.

तुमच्या जुन्या गाड्यांचं सांगा ना. काय घालता, काय फसलं, कोणी शिकवलं?

घाटवाट
ऑइलचं नंतर. आधी फिल्टर. माझ्या झेनला सकाळी सेल मारला की चार-पाच सेकंद खडखड आणि ऑइलचा लाल दिवा उशिरा विझायचा. तीन महिने ऑइलला दोष देत होतो. शेवटी फिल्टर काढून हॅक्सॉने कापला. आतला कागद विरळ, घड्या मोजक्या. तेल परत खाली जाऊ नये म्हणून जी रबरी चकती असते ती प्लास्टिकसारखी कडक. रात्रभरात फिल्टर रिकामा व्हायचा, मग सकाळी इंजिन कोरडं फिरणार नाही तर काय. डबी हुबेहूब कंपनीसारखी होती. तेव्हापासून बिल देणाऱ्या दुकानातूनच घेतो, चाळीस रुपये जास्त गेले तरी चालतील.

मीठभाकर
जाईजुई, वहीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या अण्णांचीही अशी डायरी होती, घर बदलताना गेली.

हिमकण
मिनेसोटाहून लिहितेय. इथे २०डब्ल्यू घातलं तर जानेवारीत गाडी सुरूच व्हायची नाही. उणे २८ ला ते काकवीसारखं होतं. आमच्या १९९८ च्या कोरोलाला ५डब्ल्यू-३० च लागतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, तो पहिला आकडा थंडीत सुरू होतानाचा. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा, १०० अंशाला तेल किती दाट राहतं त्याचा. म्हणजे तुझ्या गाडीत खरी गडबड ३० ने झाली. पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह सील झिजले असतील तर पातळ तेल तिथून सुटतं आणि जळतं. पुण्याच्या हवेत पहिल्या आकड्याचं फारसं अडत नाही. बाकी संध्याकाळी, कुकर झालाय.

टॅक्सीस्टँड
वडिलांची प्रीमियर पद्मिनी, काळीपिवळी. ऑइल म्हणजे 'चाळीस नंबर', सुट्टं, मापाने. वडील आधी दोन बोटांत चोळून बघायचे, मग वास घ्यायचे. पेट्रोलचा वास आला की म्हणायचे कार्ब्युरेटर बघायला हवा, तेलात पेट्रोल उतरतंय. २०२३ च्या ३० ऑक्टोबरनंतर मुंबईत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. त्या दिवशी वडील दुपारचं जेवले नाहीत. विषय सोडून झालं, पण लिहावंसं वाटलं.

जाईजुई
@टॅक्सीस्टँड विषयातलंच आहे हो. अजून लिहा, वेळ मिळेल तसं.
@हिमकण हे इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

मीठभाकर
आमचं रत्नागिरीचं. गेल्या पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडलं तर आत पिवळट साय! हेड गॅस्केट (तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलं म्हणून रात्रभर झोप नाही. मेस्त्री आले, रेडिएटर बघितला. पाण्यात तेलाचा तवंग नाही, पाणी कमी होत नाही, डिपस्टिकवर तेल स्वच्छ. म्हणाले, "वहिनी, गाडी शाळेपर्यंतच फिरवता ना?" बरोबर, दोन किलोमीटर जाऊन-येऊन. इंजिन पुरतं तापतच नाही, आतली वाफ झाकणाला धरते. आंबा घाटातून कोल्हापूरला जाऊन आलो, साय गेली. तरी ऑइल बदललंच. पावसाळ्यात किलोमीटर बघत बसू नये, सहा महिन्यांनी बदलावं असं माझं मत झालंय.

रानवाट
बदललेलं काळं ऑइल काय करता सगळे? आमच्याकडे गोठ्याच्या वाशांना लावतात, वाळवी लागत नाही.

घाटवाट
@रानवाट नका हो लावू. पावसात धुपून विहिरीला जातं. मी कॅनमध्ये भरून गॅरेजला देतो, ते जुनं तेल नेणाऱ्यांना देतात.

रानवाट
विहीर गोठ्याच्या खालच्याच अंगाला आहे. दादांना सांगते आज.

चेंबरखाली
तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, म्हणून थोडं. जुन्या ज्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम सपाट टॅपेटवर घासतो, अँबेसिडर, पद्मिनी वगैरे, तिथे तेलातलं झिंक-फॉस्फरसचं संयुग फार मोलाचं. धातूवर तेच पातळ थर धरतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या एपीआय दर्जाच्या (डबीवर लिहिलेला तेलाचा दर्जा) २० आणि ३० ग्रेडमध्ये, म्हणजे दुसरा आकडा २० किंवा ३० असलेल्या तेलात, फॉस्फरस ०.०८ टक्क्यापर्यंतच ठेवतात. २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४० यांना ती मर्यादा लागू नाही. गाडीचं पुस्तक जो आकडा सांगतं, तो पाळा.

दुसरं. फिल्टर काढल्यावर जुनं रबर पॅकिंग इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे हात फिरवून बघा. नव्या पॅकिंगला तेलाचं बोट लावा, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. पाना लावू नका.

पुलाखालचीआळी
@चेंबरखाली हे आधी वाचायला हवं होतं. माझ्या गाडीला दोन पॅकिंग एकावर एक बसली होती. खंबाटकी चढताना सगळं तेल रस्त्यावर. लाल दिवा दिसताच नवऱ्याने इंजिन बंद केलं म्हणून वाचलो. मुलं मागे झोपलेली होती.

मीठभाकर
बापरे. घाटात! बरं झालं लगेच बंद केलं.

सातनंबर
कोणी ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल सांगेल का? माझी २००२ ची गाडी, पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घेऊ का?

चेंबरखाली
@सातनंबर घ्या बदलून. तुमच्या गाडीचं रबर त्या पेट्रोलसाठी बनवलेलं नाही. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

जाईजुई
रविवारी करतेय. ऑइल, फिल्टर आणलं. ड्रेनचा वॉशर मात्र आमच्या इथे कोणाकडे नाही, 'जुनाच लावा' म्हणतात. बाबांनी दर वेळी नवा लिहिलाय. पुण्यात कुठे मिळेल?

घाटवाट
नाना पेठेत बघा. जुना वॉशर बरोबर न्या मापाला. चार-पाच एकदम घेऊन ठेवा.

जाईजुई
उद्या ऑफिस सुटल्यावर जाते. वहीच्या मागच्या पानावर अजून जागा आहे, तिथूनच पुढे लिहीन.