सहा-सात वर्षांच्या मुलांना सातवाहन कसे शिकवायचे?

शेवंता_वाचते

आमच्या सोसायटीतल्या छोट्यांसाठी मी रविवारी सकाळी तासभर गोष्टींचा वर्ग घेते, वयं साधारण सहा ते आठ. शिवाजी महाराजांच्या गोष्टी भरपूर झाल्या, आता म्हटलं त्याआधीचं काहीतरी घेऊया, म्हणून सातवाहन ठरवले कारण आपल्याच मातीतलं घराणं आहे आणि पुढे कधीतरी लेणी बघायलाही नेता येईल. पण पुस्तकं उघडली तर नुसती नावंच नावं, सिमुक, सातकर्णी, परत सातकर्णी, पुळुमावी, आणि कोणाचं साल नक्की कुठलं यावर अभ्यासकांचंच एकमत नाही. मुलांना हे सांगितलं तर पाच मिनिटांत एकमेकांची पेन्सिल ओढायला लागतील. शिवाय लढाया किती सांगायच्या हाही प्रश्न आहेच. एका मुलाने तर आत्ताच विचारून ठेवलंय की ते शिवाजी महाराजांचे पणजोबा होते का. कोणी केलंय का असं काही? सुरुवात कुठून करू?

घाटवाट

ताई, वंशावळ बाजूलाच ठेवा, मोठ्यांनाही ती पाठ होत नाही. दोनच माणसं घ्या आणि दोन्ही बायका घ्या असं मी म्हणेन, नागनिका आणि गौतमी बलश्री. सातवाहनांबद्दल आपल्याला जे ठामपणे माहितीये त्यातलं बरंचसं या दोघींच्या दगडात कोरलेल्या लेखांमुळेच आहे. नागनिका म्हणजे सातकर्णी राजाची राणी, तिचा लेख जुन्नरजवळ नाणेघाटातल्या गुहेत आहे, कुठले यज्ञ केले, किती गायी, हत्ती, घोडे, नाणी दान दिली याची लांबलचक यादी. त्यातले आकडे मुलांना जाम आवडतात, कारण तेव्हा एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा, पण दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी, शून्य नाहीच. मुलांना सांगा शून्य न वापरता ४०० लिहून दाखवा आणि मजा बघा.

त्याच गुहेत मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे कोरलेले होते. आता ते गेलेत, पायांच्या थोड्या खुणा उरल्यात, पण वरती कोण कुठे उभं होतं ती नावं अजून आहेत. रिकाम्या भिंतीचं चित्र द्या, वर नावं लिहा, खाली माणसं मुलांनी काढायची. कपडे कसले, दागिने कसले हे विचारायला लागले की समजा तुमचा तास झाला.

मातीचे_सैनिक

मी जरा वेगळं बोलतो. या वयाला गोष्टच लागते, वस्तू-बिस्तू नंतर. पैठणच्या शालिवाहनाची मातीच्या सैनिकांची गोष्ट सांगा ना, कुंभाराच्या घरी वाढलेला मुलगा मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करतो आणि वेळ आल्यावर ते जिवंत होतात. माझ्या आजीने गुढीपाडव्याला सांगितलेली मला अजून आठवते. आणि शालिवाहन शक दिनदर्शिकेवर असतोच, म्हणजे मुलांना रोजचा संबंधही दाखवता येतो.

घाटवाट

गोष्ट झकास आहे, सांगाच, पण "ही लोक सांगतात ती गोष्ट" असं म्हणून सांगा आणि लगेच पुढे "हे दगडावर लिहिलंय" असं दुसरं काहीतरी दाखवा. सात वर्षांच्या मुलाला हा फरक छान कळतो, उलट त्याला तो शोधायला आवडतो. शकाबद्दल जपून हां, ७८ सालापासून मोजतात ते बरोबर, पण तो सातवाहन राजाने सुरू केला असं इतिहासकार मानत नाहीत, कुशाण राजा कनिष्काचं किंवा पश्चिम भारतातल्या क्षत्रप राजांचं नाव घेतात. शालिवाहन हे नाव त्याला बऱ्याच उशिरा चिकटलं.

मातीचे_सैनिक

मान्य, पण गोष्ट आधी 🙂

बालवाडीवाली

मी शाळेत छोट्यांनाच शिकवते म्हणून थोडं काळाबद्दल लिहिते, कारण पणजोबावाला प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नका. "दोन हजार वर्षं" हा त्यांच्यासाठी नुसता आवाज असतो. कागदाची पट्टी घ्या, एका वर्षाला एक सेंटीमीटर. मुलाचं वय सात सेंटीमीटर, आजीचं सत्तर, महाराजांचा जन्म १६३० चा म्हणजे जवळपास चार मीटरवर येतो, तिथपर्यंत पट्टी खोलीत मावते. सातवाहनांचा मोठा राजा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याच्यासाठी मात्र एकोणीस मीटरच्या आसपास जावं लागतं, म्हणजे दार उघडून पॅसेजमध्ये, कदाचित जिन्यापर्यंत. मुलं स्वतः पट्टी धरून चालत गेली की पणजोबाचा प्रश्न आपोआप सुटतो. नक्की साल माहीत नसल्याचंही इथेच सांगून टाकायचं, एका ठिपक्याऐवजी जाड पट्टा रंगवायचा.

लढायांबद्दल, मारामारीचं वर्णन गाळा पण लढाई झाली हे गाळू नका. त्यासाठी जोगळटेंभीची नाणी फार कामाची आहेत. नाशिककडे १९०६ मध्ये सातवाहनांचा शत्रू असलेल्या नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० च्या वर नाणी, आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप परत मारलेला. खालचा जुना चेहरा, अक्षरं अर्धवट दिसतात. मातीची चकती करा, त्यावर एका मुलाने आपला ठसा मारायचा आणि मग दुसऱ्याने त्याच्यावरच आपला. कोण जिंकलं हे सांगावं लागत नाही, आणि ज्याचा ठसा पुसला गेला त्याला कसं वाटलं हेही लगेच कळतं (रडारड होऊ शकते, जास्तीची माती ठेवा). सातवाहनांचा ठसाही सोपा आहे, एक फुली आणि टोकांना चार गोल, त्याला उज्जैन चिन्ह म्हणतात.

आणि नहपानाला व्हिलन करू नका प्लीज. त्याच्या जावयाचा, उषवदाताचा लेख नाशिकच्याच लेण्यांत आहे आणि त्यात त्याने नद्यांवर फुकट होड्या ठेवल्याचं लिहिलंय, तापी आहे, डहाणूची नदी आहे. मुलांना हे फार गंमतीचं वाटतं, शत्रू आणि तरी लोकांना फुकट नदी पार करून देतो.

शेवंता_वाचते

अरे वा, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं! पट्टी तर नक्कीच करतेय, आमचा पॅसेज पुरेल की खाली पार्किंगमध्ये जावं लागेल ते बघते. बलश्रीबद्दल कोणी अजून थोडं सांगाल का? आणि नाणेघाटाला या वयाची मुलं चढतील का?

घाटवाट

बलश्री ही गौतमीपुत्राची आई. नाशिकच्या तीन नंबरच्या लेण्यातला लेख तिचा, नातू पुळुमावी राजा असताना त्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला, आणि त्यात आजी आपल्या मुलाचं कौतुक करतेय. लोकांच्या सुखदुःखात सहभागी होणारा, कर न्यायाने घेणारा, आणि ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा. हे तीन समुद्र मुलांना नकाशावर शोधायला लावा. मग विचारा, आई सांगतेय तर सगळं खरं असेल का? माझ्या भाचीने ताबडतोब सांगितलं, "आई तर नेहमीच जास्त सांगते."

नाणेघाट खालच्या वैशाखरे गावाच्या बाजूने चढायचा नाही छोट्यांना घेऊन. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी वरपर्यंत जाते, तिथून थोडंसंच खाली उतरलं की गुहा. वर मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं म्हणतात. खाऊच्या पिशव्या गाडीतच ठेवा, माकडं आहेत, आणि पावसाळ्यात कड्याजवळ हात सोडू नका. नाशिक जवळ पडत असेल तर पांडवलेणी आधी करा, बलश्रीचा लेख तिथेच आहे, पायऱ्या आहेत.