मदत हवी आहे : रिकाम्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये झोपायची सोय करायची आहे, पत्र्याला आतून काय लावू?

काळीमाती :
राजेहो, जरा लवकर सांगा. मेव्हण्याची व्हॅन घेतली आहे, मागून पूर्ण रिकामी, नुसता पत्रा. आत पलंग, सामान ठेवायला दोन-चार कप्पे अन् लाइट-पंखा एवढंच करायचं आहे. सुतार गावातलाच आहे, तो तयार आहे, पण तो म्हणते आधी पत्र्याला काय लावता ते ठरवा मग मी फ्रेम ठोकतो. एक दुकानदार म्हणते थर्माकोल, दुसरा म्हणते ग्लासवूल, अन् यूट्यूबवर पाहिलं तर सगळे परदेशातले, त्यांचं सामान इकडं यवतमाळात भेटत नाही. दुपारी मागचं दार उघडलं की भट्टीसारखी वाफ येते. तर कोणता फोम अन् किती जाडीचा ते सांगा, अन् घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चालन का तेही सांगा. सोयाबीन सोंगायला आलं की सुतार भेटणार नाही अन् मजूरही नाही, म्हणून ह्याच आठवड्यात सामान आणायचं आहे.

थंडहवा_अकोला :
मारुतीची ईको आहे का? ईको असेल तर विचारच सोडा, पाय लांब होत नाहीत. आणि फोमबिम काही लावा, आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ ला पत्रा तापला की फोमही तापतो. सरळ एसी बसवा, एक टनाचा. माझ्या मित्राच्या दुकानाच्या गाडीत आहे, मस्त चालतो.

सोलरवाला_अमरावती :
एसी कशावर चालवणार भाऊ? एक टनाचा एसी तासाला हजार-बाराशे वॅट-तास खातो. १२.८ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-तासाची) लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास, तासाभरात संपली. एसीवाले सल्ले देऊ नका लोकांना.
काळीमाती, तुमचा लोड सांगा. काय काय चालवायचं, किती तास, रोज गाडी चालणार की एका जागी उभी राहणार. त्याशिवाय बॅटरी सांगता येत नाही. माझ्या मते छतावर दोन पॅनल टाका आणि निश्चिंत व्हा.

काळीमाती :
ईको नाही. ट्रॅव्हलरसारखी उंच डिलिव्हरी व्हॅन आहे, मी आत उभा राहिलो तर डोकं लागत नाही. मागं लांबी दहा फुटाच्या वर आहे, रुंदी साडेपाच. लोड म्हणजे एक पंखा, दोन लाइट, दोन मोबाइल. एसी नको. शेतात सौरपंपाचे पॅनल आहेत, त्यातलं एक काढून छतावर टाकलं तर चालन का? फोमचं कोणीच सांगून नाही राहिलं.

वायरिंगवाला_पुसद :
पंपाच्या पॅनलला हात लावू नका. ते सगळे एकामागं एक सिरीजमध्ये जोडलेले असतात, एक काढलं की पंपाचं व्होल्टेज पडते, आणि सरकारी योजनेतले असतील तर दुसरीकडं नेताही येत नाहीत. शिवाय ते पॅनल सात-साडेसात फूट लांब अन् पंचवीस-अठ्ठावीस किलोचं, काही जोडलेलं नसताना पन्नास व्होल्टच्या जवळ देते, तुमच्या साध्या बारा व्होल्टच्या कंट्रोलरवर ते चालणार नाही.
घरची ट्युब्युलर बॅटरीही नको. पन्नास किलोच्या वर वजन, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बंद गाडीत माणसं झोपली असताना ती आत ठेवायची नाही. खड्ड्यात ॲसिड हिंदकळते ते वेगळंच.
तुमचा लोड काढला तर बारा व्होल्टचा पंखा वीस वॅट, आठ तास म्हणजे १६०. एलईडी अन् मोबाइल मिळून ऐंशी-नव्वद. म्हणजे रात्रीला अडीचशे वॅट-तास. १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी तीन-चार रात्री ओढते. रोज गाडी चालणार असेल तर सोलर लागतच नाही, अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज बनवते तो) डीसी-डीसी चार्जर टाका वीस अँपिअरचा, तीन तास गाडी चालली की साठ एएच भरले. लिथियमला अल्टरनेटर थेट जोडू नका. अन् फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच पाहिजे. बॅटरी अन् फ्यूजच्या मधल्या वायरला कसलंच संरक्षण नसते, ती कुठं पत्र्याला घासली की आग.

सोलरवाला_अमरावती :
सोलर लागतच नाही हे चुकीचं आहे. गाडी दोन दिवस उभी राहिली तर? विदर्भात ऊन फुकट आहे, १०० वॅटचं एक पॅनल तरी टाकाच.

वायरिंगवाला_पुसद :
उन्हात गाडी उभी केली तर पॅनल चालन अन् आतला माणूस भाजन. कडुनिंबाखाली उभी केली तर माणूस वाचन अन् पॅनल झोपन. एका गाडीत दोन्ही जमत नाही म्हणून म्हणतो. आधी गाडी रोज चालणार की नाही ते तर सांगू द्या त्यांना.

फिरस्ता_पुणे :
मला सगळ्यात आधी हे कळू दे की नंबर प्लेट पिवळी आहे की पांढरी? समोर सीट किती? आणि झोपणार किती जण?

काळीमाती :
प्लेटचा अन् फोमचा काय संबंध? पिवळी आहे. समोर दोन सीट. आम्ही तिघं, मी, बायको अन् आई. आई मागं पलंगावर निजून येईन, तिला फार वेळ बसवत नाही. गुडघे गेले आहेत.

जुना_ड्रायव्हर :
थांब राजा. धावत्या गाडीत मायले मांगं निजवतो म्हनते तू? म्या उभी जिंदगी गाडीवर काढली. ब्रेक मारला का मांगचा मानूस समोरच्या पत्र्यावर येऊन आपटते. पट्टा नाई, धरायले काई नाई, अन् मांगं काय चाल्लं ते तुले दिसतही नाई. म्हतारं हाड एकडाव मोडलं त जुयत नाई बाप्पा. फोमचा इचार मंग कर, आंधी माय कुठं बसन ते पाय.

फिरस्ता_पुणे :
काकांनी बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं. मी कायद्याचं सांगतो. पिवळी प्लेट म्हणजे व्यावसायिक गाडी, आणि तुमची डिलिव्हरी व्हॅन म्हणजे त्यातली मालवाहू. मालवाहू गाडीत मागे माणूस बसवता येत नाही, आणि अपघात झाला तर अशा फुकट प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने केव्हाच स्पष्ट केलंय. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर जी माहिती आहे ती कंपनीने गाडी बनवली तेव्हाच्या तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर पुन्हा शिक्का मारला. मागे सीट वेल्ड करणं, खिडकी कापणं, छताला भोक पाडून पंखा बसवणं हे सगळं त्यात येऊ शकतं. सुटा पलंग, जो दोन माणसं उचलून बाहेर काढू शकतात, तो वेगळा, ते सामान झालं.
रस्ता बंद आहे असं नाही. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन गाड्यांमध्ये धरलेला प्रकार आहे. पण मालवाहूतून तिकडे जायला आरटीओची परवानगी आधी, काम नंतर. सुताराला आज फ्रेम ठोकू देऊ नका.

थंडहवा_अकोला :
पुण्याच्या लोकांना सगळीकडे कलम दिसतं. आमच्याकडे लग्नाला मालवाहू गाडीत पन्नास वऱ्हाडी जातात, कोणी विचारत नाही. शेतकरी माणूस आईला घेऊन चालला, पोलीस हात जोडून सोडतील.

फिरस्ता_पुणे :
पोलीस सोडतीलही. विमा कंपनी हात जोडत नाही. लग्नाच्या गाड्या उलटतात तेव्हा त्या घरांचं पुढे काय होतं ते बघा आणि मग सल्ला द्या.

थंडहवा_अकोला :
मी कुठे म्हटलं विमा कंपनी चांगली असते? तसं तर पीकविम्याचंही तेच आहे, हप्ता घेतात आणि

(धागा पीकविम्यावर नेऊ नका, त्याला वेगळा धागा आहे. — व्यवस्थापक)

काळीमाती :
हे मला कोणी आधी सांगितलं नाही. पण मी फालतू फिरायला नाही जाऊन राहिलो. आईची नर्मदा परिक्रमा राहिली आहे. बाबा असताना दोघांचं ठरलं होतं, मग बाबा गेले. पायी तर आता होत नाही, गाडीनं तरी करून आणायची आहे. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघायचं आहे. आईनं एक गोष्ट मागितली आयुष्यात, ती मला करायची आहे.

नर्मदे_हर_खंडवा :
नर्मदे हर. मी मूळची वाशिमची, आता इकडे खंडव्याला असते. भाऊ, गाडीनं परिक्रमा पंधरा-वीस दिवसांत होते, नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठेही ओलांडायची नाही, पायी जाणारे समुद्राजवळ मुखाशी नावेनं पलीकडे जातात आणि गाड्या भरूचकडून पुलावरून वळतात. मुक्कामाला आश्रम आणि धर्मशाळा रस्ताभर आहेत, गाडीत झोपायची गरजच नाही. संकल्प करताना कुपीत जल घ्यायचं ते शेवटपर्यंत जपायचं, रोज पूजा. सोबत जाड अंथरूण घ्या, कार्तिकानंतर तिकडे थंडी असते, अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, पहाटे हात आखडतात.

वायरिंगवाला_पुसद :
बघा, हे पहिल्यांदाच सांगितलं असतं तर! आपण सगळे उन्हाळ्याचा फोम शोधून राहिलो अन् गाडी चालली कडाक्याच्या थंडीत.
फोमचं उत्तर आता देतो, पण आणायची घाई करू नका. थर्माकोल नको, गाडी हलली की कणकण झडतो, करकरतो अन् आग लवकर धरतो. ग्लासवूल नको, ओल धरून बसते अन् मागून पत्रा सडते. बंद पेशीचा, म्हणजे आत पाणी शिरत नाही असा फोम पाहिजे, नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई, एसीच्या डक्टला लावतात तो, १९ मिलिमीटरचा, अकोल्याला किंवा नागपूरला एसीच्या सामानाच्या दुकानात भेटते. आधी गंज घासायचा, रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग मारायचा, वाळू द्यायचा, मग पत्र्याला पोकळी न ठेवता पूर्ण चिकटवायचा. साधा गोंद आपल्या उन्हात मऊ पडते अन् छताचे तुकडे लोंबतात, म्हणून छताला वरून हलक्या पट्ट्याही लागतात.
थंडीत मुख्य त्रास ओलीचा. तीन माणसं रात्रभर श्वासातून अन् अंगातून जवळजवळ लिटरभर पाणी सोडतात, ते थंड पत्र्यावर जमते अन् पहाटे अंथरुणावर टपकते. समोरच्या दोन्ही काचा दोन बोटं खाली ठेवायच्या, आतून मच्छरदाणीची जाळी. थंडी वाजली तरी बंद करायच्या नाहीत.

जुना_ड्रायव्हर :
अन् शेगडी नोको आतमंदी. कोयशाची त बिलकूलच नोको. त्याचा गॅस दिसत नाई, वास येत नाई, झोपेतच मानूस जाते. सिलिंडर असन त सयपाक भायेर उतरून कर. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असते, खाली साचते, अन् तू तिथंच निजशीन.

मोहफूल_भंडारा :
एक विचारते, राग मानू नका. आश्रमात मुक्काम करायला नको असं तुम्ही का ठरवलं? लोक म्हणतात तिथे सोय चांगली असते. आईंना रात्री उठावं लागतं का?

काळीमाती :
हो ताई. रात्री दोन-तीनदा उठते. खाली बसता येत नाही तिला. धर्मशाळेत संडास बसायचे असतात अन् अंगणात लांब असतात. मागच्या वर्षी एका लग्नाला गेलो तर तिनं सकाळपासून पाणीच पिलं नाही, का तर जावं लागन म्हणून. कोणाला सांगतही नव्हती. म्हणून मी म्हटलं आपली गाडी, आपली जागा, तिला कोणासमोर लाजायचं काम नाही.

मोहफूल_भंडारा :
मला वाटलंच. सासूबाईंचं मी केलंय म्हणून सांगते, हा प्रश्न गाडीचा नाही, खुर्चीचा आहे. मेडिकल सामानाच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, खाली झाकणाचं भांडं असतं. ती कोणत्याही गाडीच्या डिकीत बसते, धर्मशाळेच्या खोलीत कोपऱ्यात ठेवायची, वर एक साडी बांधून आडोसा. आई झोपल्या जागेपासून चार पावलांवर. रात्री तुम्हाला किंवा वहिनींना भांडं नेऊन टाकावं लागेल एवढंच. पाणी न पिणं फार वाईट, लघवीची जळजळ सुरू झाली की वाटेत ताप येतो आणि म्हातारं माणूस भ्रमात जातं. आईंना आताच सांगा की खुर्ची येणार आहे, भरपूर पाणी पी.

फिरस्ता_पुणे :
हे खरं उत्तर आहे. मग नातेवाइकाची पांढऱ्या प्लेटची सात सीटवाली गाडी घ्या, मधल्या रांगेत आई, पट्टा लावून, पाय लांब करायला जागा, दर दीड तासाला थांबा. परमिटचाही प्रश्न मिटतो, कारण तुमच्या व्हॅनचं परमिट फक्त महाराष्ट्राचं असेल तर मध्य प्रदेशात शिरतानाच अडकाल.

सोलरवाला_अमरावती :
मग व्हॅनचं काय? विकणार का? माझ्याकडे गिऱ्हाईक आहे.

काळीमाती :
विकत नाही. कापसाला कामी येते. सोमवारी आरसी घेऊन यवतमाळच्या आरटीओत जातो, परवानगीला किती वेळ लागते ते विचारतो. कार्तिकीच्या आधी होत नसन तर भाच्याची पांढऱ्या प्लेटवाली गाडी मागतो, तो नाही म्हणणार नाही. फोम आणत नाही सध्या. सुताराला फक्त एक सुटी पेटी करायला सांगतो, अंथरूण अन् पूजेचं सामान ठेवायला.
ताई, खुर्ची उद्याच आणतो. आई ठेंगणी आहे, उंची कमी-जास्त होते का तिची?

मोहफूल_भंडारा :
होते. पायांना भोकं असतात, बटण दाबून वरखाली करता येतात. आईंना बसवून बघा, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. हातांचा आधार दोन्ही बाजूंना असलेलीच घ्या आणि पायाखालचे रबर हलवून बघा, ओल्या फरशीवर सरकायला नको. भांडं मागच्या बाजूने निघणारं घ्या, म्हणजे आईंना उठवायच्या आधीच काढता येतं. आणल्यावर आठ-दहा दिवस घरीच वापरू द्या त्यांना.