मदत हवी आहे: ब्रामध्ये बसणारा ब्रेस्ट पंप कोणता घेऊ?

पाऊसवेडी
हात मोकळे राहतील असा, ब्राच्या आत बसणारा पंप हवाय. आहे तो त्याच प्रकारातला, पण 20 मिनिटांत जेमतेम 30 मिली येतं आणि दुखतं ते वेगळंच. जास्त ओढीचा सुचवा. नळीवाला नको. उद्या ऑर्डर टाकायची आहे.

टिंबटिंब
बाळ केवढं? 30 मिली एका बाजूचं की दोन्हींचं? पाजल्यावर लगेच काढत असाल तर तेवढं येणं अगदी नॉर्मल आहे.

पाऊसवेडी
4 महिन्यांचं. दोन्हींचं मिळून. पाजून 3 तास झालेले असतात. आता नाव सांगा ना कुणीतरी.

खटपट्या
ओढ मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. खोक्यावर 300 लिहिलेला घ्या, विषय संपला.

मधुरा_क
@खटपट्या, संपला कसा? दुखायला लागलं की पान्हाच फुटत नाही, मग ओढ कितीही वाढवा. आधी 2 मिनिटं हलक्या, जलद मोडवर ठेवायचं. दूध सुटलं की दुसरा मोड, आणि त्यात न दुखता सोसेल तीच शेवटची पायरी.
पाऊसवेडी, फ्लँज, म्हणजे स्तनावर लावायचं फनेल, त्याचा स्तनाग्र जातं तो बोगदा किती मिमीचा आहे?

पाऊसवेडी
खोक्यात आला तोच. 24 असावा.

मधुरा_क
तिथेच गोम आहे. स्तनाग्राच्या बुडाशी व्यास मोजा, पंप लावण्याआधी, कडेचा काळा भाग सोडून. त्यात 0 ते 3 मिमी मिळवा. फ्लँज मोठा असेल तर काळा भागही बोगद्यात ओढला जातो, सूज येते, दूध कमी येतं. लहान असेल तर स्तनाग्र कडांना घासतं.

शेवंती७
काढलेलं दूध बाहेर 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं. फ्रिजच्या दारात ठेवू नका, मागच्या बाजूला ठेवा. गोठवताना पिशवी काठोकाठ भरायची नाही, दूध फुगतं.

खटपट्या
ताई, हे विचारलंय कुणी?

शेवंती७
पुढचा प्रश्न तोच येणार आहे.

निळी_शाई
नळी नको म्हणालात तरी सांगते, मोटर बाहेर आणि ब्रामध्ये फक्त कप असा प्रकार एकदा बघा. कप हलका, त्यामुळे ब्रा खाली ओढली जात नाही आणि सील सुटत नाही. मोटर कपातच असली की भरल्यावर जड होतो, वाकलं की सांडतो.

टिंबटिंब
नको म्हणाल्यात ना त्या! ब्राचं मात्र बरोबर आहे. सैल असेल तर हवा शिरते. करकचून आवळली तर कप रुततो, दूध तुंबून गाठ होते.
पंप बदलण्याआधी व्हॉल्व्ह बघा. शेवटचा कधी बदलला?

पाऊसवेडी
कुठला व्हॉल्व्ह?

टिंबटिंब
अरे देवा. बदकाच्या चोचीसारखा सिलिकॉनचा तुकडा, दूध जिथून कपात पडतं तिथला. उजेडात धरा. चोच आपोआप मिटलेली हवी. फट दिसली की ओढ गेलीच. धुताना ब्रश आत खुपसला की ती फाकते, नुसती बोटांनी चोळायची. दिवसातून 3-4 वेळा वापर असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी बदलावा लागतो. मोटरखालचा पातळ पडदाही काढून बघा. नीट बसला नसेल तर ओढ मिळत नाही, ओला बसवला तर ओलावा मोटरकडे जातो. आणि मोटर नळाखाली धरू नका कधीच.

खटपट्या
सगळं तपासूनही 30 च आलं तर 300 वाला घ्या, एवढंच म्हणतो.

मधुरा_क
तुम्ही खोकं सोडा हो.

पाऊसवेडी
मोजलं. उजवं 16, डावं 18. आणि एका चोचीला फट आहे.

मधुरा_क
म्हणजे 24 चा बोगदा फारच मोठा. उजवीकडे 17, डावीकडे 19 चं सिलिकॉनचं इन्सर्ट, म्हणजे बोगदा अरुंद करणारा आतला तुकडा, बसवा. इन्सर्ट 24 च्या फ्लँजसाठीचं आहे ना, ते बघून घ्या. व्हॉल्व्हची जोडी त्याच ऑर्डरमध्ये टाका. नवीन पंप आठवडाभर थांबू दे. दुखणं तरीही राहिलं, किंवा लाल चट्टा, ताप दिसला, तर पंपात शोधत बसू नका, डॉक्टर गाठा.

पाऊसवेडी
ऑर्डर टाकली. शेवंतीताई, पिशवी किती भरायची म्हणालात?

शेवंती७
बघा! 60 ते 120 मिली, वर दोन बोटं जागा. तारीख भरण्याआधी लिहा, ओल्या पिशवीवर पेन चालत नाही.